बोटीचा पत्ता

इंग्लंड आणि वेल्समध्ये रात्री अकरानंतर गिऱ्हाइकाला गरम चहा विकायचा तर परवाना लागतो. दारूला लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण चहालाही लागतो हे इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या आपल्या लोकांना सांगितलं तरी खरं वाटत नाही. २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टमध्ये त्याला ‘लेट नाइट रिफ्रेशमेंट’ असं नाव आहे: रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकणं. गार सँडविच रात्री दोन वाजता विकलं तरी या कायद्याचं काही म्हणणं नाही. वडा मात्र गरम खाता यावा म्हणून तापवलेला असेल आणि हातात देताना भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल, तर तो परवान्याखाली येतो.

आम्हाला दोन्ही विकायचं होतं, बिअरही आणि अकरानंतरचा चहा-वडाही. आणि विकायचं होतं ते कालव्यावर बांधलेल्या बोटीतून. ते कसं जमलं हे इथले बरेच ओळखीचे विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

बोट ५७ फुटी नॅरोबोट, रुंदीला जेमतेम सात फूट. कालवा ग्रँड युनियन, जो लंडनमधल्या ब्रेंटफर्डपासून बर्मिंगहॅमपर्यंत जातो. हर्टफर्डशरमध्ये हा कालवा आणि लंडनच्या युस्टन स्टेशनहून उत्तरेला जाणारी रेल्वे मैलोन् मैल शेजारी-शेजारी चालतात. आमची बोट असते तिथून स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे. लंडनमधली उशिराची शिफ्ट संपवून गाडीतून उतरलेली माणसं, हॉस्पिटलातल्या नर्सेस, हॉटेलांच्या किचनमधली पोरं, टोपाथने घरी जातात. टोपाथ म्हणजे कालव्याकाठची वाट. बोटी ओढणारे घोडे पूर्वी तिच्यावरून चालायचे. त्या वेळी गावात गरम खायला एकही जागा उघडी नसते. दिवसा वडापाव, मिसळ आणि भजी आम्ही आधीपासून विकत होतो, बोटीचं बिझनेस लायसन्स आणि धंद्यासाठीचं मुरिंग, म्हणजे बोट बांधायची ठरलेली जागा, हातात होतं, खाद्यपदार्थांची कौन्सिलकडची मोफत नोंदणीही झालेली होती. मी आणि माझा भाचा, आम्ही दोघंच हा धंदा चालवतो. रात्री आवराआवर करताना बंद खिडकीवर कुणीतरी टकटक करून “काही गरम मिळेल का?” असं विचारायचं, आणि तेव्हा घड्याळात अकरा वाजून गेलेले असायचे.

परवाना देणारी बरो कौन्सिल. तिथल्या लायसन्सिंग ऑफिसरना फोन केला तेव्हा त्यांनी मेनू विचारला नाही, दारू कुठली विकणार हेही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, “बोट नेहमी कुठे बांधलेली असते?”

सगळी गोम या प्रश्नात आहे. कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे, कायमची एका जागी नसलेली बोट ही ती जिथे नेहमी बांधलेली असते त्या ठिकाणची ‘जागा’ मानली जाते. ज्या कौन्सिलच्या हद्दीत ते ठिकाण, तीच परवाना देणार. भाचा म्हणाला, “मावशी, पण आपली बोट तर हलते!” हलते, तरी कायद्यापुरती ती तिथेच असते. आम्ही रविवारी पाहुण्यांना घेऊन चार लॉक्स, म्हणजे बोट वर-खाली नेणारे पाण्याचे बंद टप्पे, पार करून वर जाऊन येतो तेव्हाही परवान्याच्या दृष्टीने आमचा पत्ता नेहमीच्या बांधायच्या जागेचाच. म्हणूनच ज्यांना कायमचं मुरिंग नाही आणि दर १४ दिवसांनी पुढे सरकायचं असतं, त्या फिरत्या व्यापारी बोटींची या परवान्यात फार अडचण होते. त्यांच्यात उत्तम स्वयंपाक करणारी माणसं आहेत, पण “नेहमी कुठे?” याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. मला हे खटकतं. कालव्यावरचा व्यापार मुळात फिरताच होता.

अर्जाच्या फॉर्मवर पोस्टाचा पत्ता नसेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावरचा संदर्भ किंवा जागेचं वर्णन देता येतं. आमची बोट बांधलेली असते त्या बोटयार्डचा पिनकोड दिला, नकाशाचा संदर्भ दिला आणि जवळच्या पुलाचा नंबर दिला. कालव्यावरच्या पुलांना नंबर असतात आणि कालव्यावरची माणसं पत्ता सांगतात तो पुलाच्या नंबरानेच. फी जागेच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे कर आकारण्यासाठी ठरवलेल्या किमतीवर, ठरते. आमच्या बोटीला ती नाहीच, म्हणून सगळ्यात खालचा ‘ए’ बँड: अर्जाला १०० पौंड, पुढे दर वर्षी ७०. वर्तमानपत्रातल्या सक्तीच्या जाहिरातीला याच्या कितीतरी पट गेले. कुणी विचारलं तर मी आधी जाहिरातीचे पैसे बाजूला काढायला सांगते.

दारूसाठी आणखी एक गोष्ट लागते, पर्सनल लायसन्स. एका दिवसाचा कोर्स, ४० प्रश्नांची परीक्षा, त्यातले २८ बरोबर यावे लागतात. मग गुन्ह्यांची नोंद नसल्याचा बेसिक डीबीएस दाखला, तोही महिन्याच्या आतला, फोटो, आणि ३७ पौंड. हा अर्ज आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडे करायचा. एकदा मिळालं की त्याचं नूतनीकरण नाही, ती अट २०१५ मध्ये गेली. मी ते काढलं आणि बोटीची ‘डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर’, म्हणजे तिथल्या दारूविक्रीला जबाबदार व्यक्ती, म्हणून माझं नाव लागलं. नुसता चहा-वडा विकायचा असता तर यातलं काहीच लागलं नसतं, फक्त जागेचा परवाना पुरला असता.

नकाशाने मात्र दमवलं. नियमाप्रमाणे जागेचा आराखडा १:१०० या प्रमाणात लागतो. त्यात बाहेर पडायचे मार्ग, पायऱ्या, किचन, टॉयलेट, जागचे न हलणारे काउंटर, आग विझवायची साधनं, सगळं दाखवावं लागतं. ५७ फुटी बोट त्या प्रमाणात साडेसतरा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद येते. म्हणजे कागदावर एक पट्टी! त्यात फायर ब्लँकेटची खूण काढली की शेजारी तळणीची खूण मावत नाही. दुसरं प्रमाण हवं असेल तर कौन्सिलची आधी संमती घ्यायची सोय आहे, ती मी मागून घेतली आणि १:५० मध्ये ए-थ्री कागदावर आराखडा काढला. काढायचं काम भाच्याने केलं. तो बोटीत रांगत, टेप लावून, पुढच्या दारापासून मागच्या पायऱ्यांपर्यंत एकेक माप घेत होता आणि मी लिहून घेत होते. त्या मापांमुळे कळलं की तळणी आणि मागचं दार यांच्यामध्ये माणूस तिरका होऊनच जाऊ शकतो. बोटीला दोनच दारं असतात, पुढचं आणि मागचं. मागच्या दाराशी आग लागली तर काय? आम्ही तळणीच पुढे सरकवली, गॅसची लाइन बोटींचं काम करणाऱ्या ‘गॅस सेफ’ नोंदणीच्या इंजिनियरकडून नव्याने टाकून घेतली आणि मग आराखडा पुरा केला. लाल रेघेने परवान्याची हद्द आखायची असते. आमची लाल रेघ बोटीच्या पत्र्यावरूनच गेली. काठावर बाकं आहेत, तिथे बसून कुणी बिअर पिणार म्हणजे ती ‘बाहेर नेलेली’ दारू झाली, म्हणून जागेवर पिण्याची आणि बाहेर नेण्याची अशा दोन्ही खुणा फॉर्मवर केल्या.

मग निळा कागद. अर्ज केल्यावर २८ दिवस फिकट निळ्या रंगाची नोटीस बाहेरून वाचता येईल अशी लावावी लागते. कागद किमान ए-फोर, अक्षर किमान १६ पॉइंट. जागा ५० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर रस्त्याच्या कडेने दर ५० मीटरवर एक लागते. बोट भरते ३६ चौरस मीटर, तेव्हा एक पुरत होती. तरी मी दुसरी बोटयार्डच्या फाटकावर लावली. शेजाऱ्यांना नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

अर्ज ऑनलाइन केला की कौन्सिलच तो पुढे पाठवते: पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण आरोग्य खातं, प्लॅनिंग, मुलांच्या संरक्षणाचं खातं, सार्वजनिक आरोग्य, ट्रेडिंग स्टँडर्ड्स, होम ऑफिस. बोट असेल तर या यादीत जलमार्गाची संस्थाही येते, आमच्याकडे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, आणि सागरी सुरक्षेची सरकारी एजन्सीही. चालत्या बोटीवर १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ती पॅसेंजर शिप होते आणि तिचे नियम फार वेगळे. आम्ही बोट हलवली की १२ च्या वर कुणालाच घेत नाही, आणि हे अर्जातच लिहिलं.

अर्जाचा खरा जीव ‘ऑपरेटिंग शेड्यूल’मध्ये असतो. कायद्याची उद्दिष्टं चार: गुन्हे आणि बेशिस्त टाळणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांना अपाय होऊ न देणं. या चारांसाठी तुम्ही काय करणार ते लिहायचं, आणि जे लिहाल ते पुढे परवान्याची अट होऊन बसतं. त्यामुळे गोड दिसतं म्हणून काही लिहू नये. आम्ही लिहिलं ते असं. काचेचे ग्लास नाहीत, कारण फुटलेली काच पाण्यात गेली तर ती कुणाच्या तरी पायात किंवा कुत्र्याच्या पंजात जाणार. दोन्ही टोकांना लाइफबॉय आणि फेकायची दोरी. काठाला रात्री कमी उंचीवर दिवे, म्हणजे कड दिसेल आणि समोरच्या घरांत उजेड जाणार नाही. २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागणार. इथलं कायदेशीर वय १८ आहे, २५ ही खबरदारी. (महाराष्ट्रात कडक दारूसाठी मुळात कायद्याचंच वय २५ आहे, त्यामुळे हा आकडा आम्हाला परका वाटला नाही.) कुणाला नाही म्हटलं तर त्याची नोंद वहीत. पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रण ३१ दिवस ठेवायची अट सुचवली, ती आम्ही लगेच मान्य केली.

पर्यावरण आरोग्य खात्याच्या बाईंनी बोटीवर येऊन विचारलं, “रात्री वीज कुठून घेणार?” प्रश्न अगदी योग्य होता. कालव्यावर बांधलेल्या बोटीने रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही, असा शेजारधर्माचा नियम आहे. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, सगळं त्या बारा तासांत बॅटरीवर किंवा काठावरच्या विजेवर चालायला हवं. आम्ही बोटयार्डकडून काठावरची जोडणी घेतली. रात्री अकरानंतर तळण बंद, वडे आधी तळून गरम ठेवायचे, हेही त्या भेटीतच ठरलं, कारण पंख्याची घरघर पाण्यावरून समोरच्या फ्लॅट्सपर्यंत स्पष्ट ऐकू जाते.

हरकती आल्या. काही समोरच्या फ्लॅट्समधून आणि एक आमच्यापासून दोन बोटी सोडून राहणाऱ्या आजींची. हरकत घ्यायला शेजारीच असावं लागतं असं आता नाही, कुणीही घेऊ शकतं, फक्त ती त्या चार उद्दिष्टांना धरून हवी. एकही हरकत आली नसती तर मागितलं तसा परवाना द्यावाच लागला असता. आली की तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी.

मी आजींकडे गेले. पतीच्या पश्चात गेली कित्येक वर्षं त्या बोटीवर एकट्या राहतात. त्यांनी मला आत नेलं आणि पलंग दाखवला. नॅरोबोटीत झोपायची जागा पाण्याच्या पातळीशी असते. पलंगावर डोकं ठेवलं की खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, टोपाथ. त्या म्हणाल्या, “झोपून बघ.” मी झोपले. बाहेरून एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला आणि त्याच्या बुटाखालची खडी माझ्या कानाशी वाजली. आमच्या खिडकीपुढची रांग नेमकी तिथून सुरू होणार होती.

घरी येऊन भाच्याशी बोलले. तो म्हणाला, “मावशी, बोट फिरवूया की.” हे दुकानाला करता येत नाही, बोटीला येतं. किचन मागच्या टोकाला, आणि विक्रीच्या खिडक्या बोटीच्या दोन्ही अंगांना आहेत. आम्ही वाइंडिंग होलपर्यंत गेलो, म्हणजे जिथे कालवा लांब बोट वळवण्यापुरता रुंद केलेला असतो तिथे, आणि तोंड फिरवून परत येऊन बांधली. आता किचन फाटकाच्या बाजूला आलं, रांग बोटयार्डच्या आवारात राहू लागली आणि आजींच्या बोटीकडे आमचं बंद टोक आलं. लाल रेघेला धक्का लागला नाही, कारण आराखडा बोटीचाच होता.

सुनावणीआधी वेळांचाही फेरविचार केला. मूळ अर्जात दारू साडेअकरापर्यंत आणि गरम खाणं रोज एकपर्यंत मागितलं होतं. हरकती वाचल्या तेव्हा दिसलं की लोकांना भीती आहे ती पिऊन रेंगाळणाऱ्यांची. आमचं रात्रीचं गिऱ्हाईक तर गाडीतून उतरलेलं, दमलेलं, घरी जायची घाई असलेलं. त्याला बिअर नको, चहा हवा. मग आम्ही दारूची वेळ साडेदहावर आणली, म्हणजे गरम खाण्याची परवान्याची वेळ सुरू व्हायच्या आधीच दारू बंद. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो आम्हाला आमच्या विरोधकांच्या पत्रांनी सुचवला.

सुनावणी कौन्सिलच्या साध्या सभागृहात झाली. समोर तीन नगरसेवक, कडेला कायदेशीर सल्लागार आणि नोंदी घेणारा कारकून. आधी ऑफिसरनी अहवाल मांडला, मग मी बोलले, मग हरकतदार. फ्लॅटमधल्या एका गृहस्थांनी बोट कलंडली तर काय, असं विचारलं. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की बोट चालवण्याची सुरक्षितता पाहणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, ही समिती त्यात शिरत नाही, सरकारी मार्गदर्शिकेतही तसंच आहे. आजी आल्या होत्या. त्यांनी हरकत मागे घेतली नाही. पण त्या म्हणाल्या, “या दोघांनी बोट फिरवली. आता मला फक्त शनिवार-रविवारची काळजी आहे.” मी वळवलेल्या बोटीचे आणि फाटकाजवळच्या रांगेचे फोटो समितीला दिले. एका नगरसेविकेने विचारलं की रात्री काही त्रास झाला तर या बाईंनी कुणाला सांगायचं? मी म्हटलं, मला. माझा फोन नंबर शेजाऱ्यांना द्यावा आणि विक्रीच्या वेळात तो उचलला जावा, ही अट तिथेच लिहिली गेली.

निकाल लेखी आला. दारू रोज दुपारी १२ ते रात्री १०:३०. गरम खाणं-पिणं रविवार ते गुरुवार मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवार-शनिवार एकपर्यंत. अकरानंतर फाटकाकडचीच खिडकी उघडी. अपील करायचं तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात करता येतं, आम्हालाही आणि हरकतदारांनाही. कुणीच केलं नाही.

परवान्याचा सारांश बोटीत सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो, तो आम्ही पुढच्या दाराशी लावला आहे. प्यायचं साधं पाणी फुकट द्यायचं, बिअरचा अर्धा पिंट आणि वाइनचं १२५ मिलीचं माप मागितलं तर मिळालं पाहिजे, या सगळीकडे लागू असलेल्या अटीही त्यात आल्या.

दिवाळीला आसपासच्या मराठी घरांना बोटीवर बोलवायचं ठरलं आहे. फराळ, गाणी, आणि बिअर साडेदहाच्या पुढेही थोडा वेळ. त्यासाठी परवाना बदलायची गरज नाही, २१ पौंडांची ‘टेंपररी इव्हेंट नोटीस’ पुरते. ती पूर्ण दहा कामाचे दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यावर फक्त पोलीस आणि पर्यावरण आरोग्य खातं हरकत घेऊ शकतं, शेजाऱ्यांना तो हक्क नाही. म्हणून नोटीस भरायच्या आधी मी आजींकडे जाऊन तारीख विचारून आले. त्यांनी शनिवार नको, शुक्रवार चालेल असं सांगितलं आहे.